अंजू मडावीची साठ मिनिटं

लॅबमध्ये कॉम्प्युटर कमी होते म्हणून अंजू मडावी आणि मी एकत्र आलो. २००३ साल होतं. वर्ध्याजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आमच्या वर्गात साठ जणं आणि चालू स्थितीतले कॉम्प्युटर तीसच्या आसपास. सरांनी हजेरीपटावरच्या क्रमाने दोघादोघांच्या जोड्या लावल्या. माझं आडनाव लाहोटी, तिचं मडावी. आम्ही शेजारी आलो.

पहिल्याच दिवशी मी कीबोर्ड पुढे ओढला आणि सरांनी फळ्यावर दिलेला प्रोग्राम सुचेल तसा बडवायला लागले. दुकानात पप्पांची बिलं टाइप करून माझा हात चांगला बसला होता. अंजू थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "थांब जरा. आधी कागदावर पाहू."

तिने डाव्या हाताने वहीत चौकोन काढले, त्यांत आकडे भरले, बाण मारले. उजवा हात मांडीवर होता. दंडापासून बोटांपर्यंत बारीक, एखाद्या लहान मुलीचा असावा तसा. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला होता.

"आता मी सांगतो, तू टाइप कर," ती म्हणाली. त्यांच्या वऱ्हाडीत बायाही 'सांगतो'च म्हणतात.

तिने अठ्ठावीस ओळी सांगितल्या. कुठे कंस उघडायचा, कुठे बंद करायचा, तेसुद्धा. मी चालवून पाहिला. एकही चूक नाही. आमच्या मागच्या जोडीचा प्रोग्राम तास संपला तरी चालला नव्हता.

पुढची चार वर्षं आम्ही अशाच बसलो. ती सांगायची, मी टाइप करायची. हळूहळू मला तिच्यासारखा विचार करता यायला लागला. आधी कागद, मग कीबोर्ड. मला जे काही येतं ते त्या बाकावर आलेलं आहे, हे मी आजवर कोणत्याही ऑफिसात सांगितलेलं नाही.

तिचं घर नालवाडीला, दोन खोल्यांचं. मूळ गाव कारंजा तालुक्यातलं, जंगलाच्या कडेचं. मुलीच्या हातावर इलाज करायला सखूकाकू, म्हणजे तिची आई, तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. इलाज लांबत गेला. मग तिथेच त्यांना कपडे धुण्याच्या विभागात काम मिळालं आणि परत जाणं राहूनच गेलं. वडील, नत्थूकाका, रोपवाटिकेत कामाला होते. घरात तिघंही गोंडी बोलायचे. मी गेले की माझ्यासाठी वऱ्हाडीवर यायचे.

एकदा आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून अभ्यास करत होतो. सखूकाकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमी शून्यापासून काऊन मोजता वो? आमी तं उंदी, रंड, मुंद, असं एकापासून मोजतो. शून्य म्हणजे तं काईच नाई."

"कॉम्प्युटरले तसंच लागते, माय," अंजू म्हणाली. "पहिल्या डब्याचा नंबर शून्य."

सखूकाकूंनी त्यावर विचार केला आणि म्हणाल्या, "मंग शेवटच्याचा नेहमी एक कमी पडत असन." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना हे दोन महिने समजलं नव्हतं. अंजूचं डोकं कुठून आलं ते मला त्या दिवशी कळलं.

विद्यापीठाच्या परीक्षेत तिला नियमाने जास्तीचा वेळ मिळायचा. कागदावर डाव्या हाताने ती सावकाश, मोत्यासारखं लिहायची. तिसऱ्या वर्षी ती कॉलेजात पहिली आली. शेवटच्या वर्षी कंपन्या येणार होत्या, आणि पहिली नोकरी अंजूला लागणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तिला स्वतःलाही नव्हती. एवढं एक मी खात्रीने सांगते, कारण पुण्यात राहायचं तर खोली कुठे घ्यायची हे आमचं ठरत आलं होतं.

जानेवारी २००७ मध्ये एका कंपनीने नागपूरच्या एका सेंटरवर परीक्षा ठेवली. तीन प्रोग्राम, साठ मिनिटं, सगळं पडद्यावरच. वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चालायचं, आणि शेवटची पाच मिनिटं उरली की आकडे लाल व्हायचे. कच्चं काम करायला कागदही दिला नव्हता.

आम्हाला वेगवेगळ्या रांगेत बसवलं. मी एक्केचाळीस मिनिटांत तिन्ही संपवले. उठताना मागे वळून पाहिलं. अंजू पडद्याला चिकटून बसली होती. महिरपी कंसासाठी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. दोन हातांच्या माणसाला ते जाणवतही नाही. ती अंगठा एका बटणावर रोवून करंगळी ताणत होती, आणि प्रत्येक कंसाला तिचा खांदा वर जात होता. कॉलेजच्या लॅबमध्ये ते बटण दाबलेलं राहील अशी सोय करून घेता यायची. तिथल्या मशीनवर ती बंद केलेली होती.

तिचे दोन झाले. तिसरा अर्धा राहिला. संध्याकाळी यादी लागली, त्या यादीत माझं नाव होतं, तिचं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बसलो, बुटीबोरी मागे पडलं. मग तिने विचारलं, "तिसरं कसं केलं तू?"

मी सांगितलं.

"बरोबर केलं," ती म्हणाली. आणि खिडकीबाहेर बघत, थोड्या वेळाने, "मले बी तेच सुचलं होतं."

तिने कंपनीला पत्र लिहिलं. विद्यापीठ मला जास्तीचा वेळ देतं, सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे, तुम्हीही द्यावा. दोन ओळींचं उत्तर आलं. परीक्षा यंत्रावर होते आणि यंत्र सर्व उमेदवारांना समान वेळ देतं. तिने ते पत्र मला वाचायला दिलं आणि परत घेऊन पुस्तकात ठेवलं.

जुलैत मी पुण्याला गेले. अंजू नालवाडीलाच राहिली. नत्थूकाकांनी तिला भंगारवाल्याकडून एक कीबोर्ड आणून दिला. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणजे तो कशालाच जोडलेला नव्हता. पत्र्याच्या पेटीवर तो ठेवून ती रोज सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास डाव्या हाताने टाइप करायची. समोर काहीच उमटत नव्हतं. शेजारचे लोक विचारायचे, तेव्हा नत्थूकाका म्हणायचे, "पोरगी बाजा शिकून राह्यली."

तिने प्रोग्राम आखूड करायला घेतले. नावं एका अक्षराची, एकही जास्तीची जागा नाही. तिचा वेग वाढला, पण माझ्या निम्म्यावरच अडला. हाताला वळण लागत होतं आणि मनगट सुजत होतं. सखूकाकू दवाखान्यातून आल्यावर गरम पाण्याने शेकून द्यायच्या.

नत्थूकाका रजा टाकून तिच्यासोबत जायचे. दोनदा पुण्याला, एकदा हैदराबादला, एकदा पुन्हा नागपूरला. ती आत परीक्षा द्यायची, ते बाहेर फाटकापाशी डबा घेऊन उभे राहायचे. नागपूरच्या परीक्षेची हकीकत मला त्यांनीच नंतर सांगितली.

"बाहेर आली तं चेहरा चांगला होता तिचा. म्हणे, बाबा, तिन्ही झाले. सगळं लिवलं. फक्त शेवटचा कंस मारायचा राह्यला आन खिडकी बंद झाली. म्या म्हटलं, एका कंसानं काय होते. मंग तिथंच कागद लागला."

"किती पडले होते?"

"तिसऱ्याले शून्य. म्या म्हटलं, अवं, तू तं सगळं लिवलं म्हनत होती ना. एका कंसाचे एक मार्क कापा, बाकीचे द्या. ती म्हणे, बाबा, मशीन अर्धं नाई वाचत. मले ते समजलं नाई, पोरी. शाळेत मास्तर बी अर्धे मार्क देत होते."

२००८ च्या दिवाळीत मी आठ दिवस घरी आले होते. त्याच आठवड्यात अंजूला पुण्याच्या एका लहान कंपनीची परीक्षा होती. ही कुठूनही देता येणार होती, फक्त इंटरनेट पाहिजे. तिने विचारलं, तुझ्या घरी बसू का. मी हो म्हटलं, आणि पुढचं बोलले ते मीच बोलले. हे स्पष्ट सांगायला पाहिजे.

"तू सांग, मी टाइप करते."

ती माझ्याकडे बघायला लागली. "काऊन?"

"काऊन म्हणजे? लॅबमध्ये चार वर्षं काय केलं? विद्यापीठसुद्धा रायटर देतं."

"विद्यापीठाले मालूम असते."

"अंजू, त्यांना तुझं डोकं पाहिजे का बोटं? उत्तर तुझंच असेल. मी एक अक्षर माझ्या मनाचं टाकणार नाही."

खाली अंगणात माझी आई फराळाचे डबे भरत होती, त्याचा आवाज येत होता. मग अंजू म्हणाली, "मायचे हात फाटून राह्यले सोड्यानं. तिले आता ते काम सोडू द्यावं म्हणतो." आणि खुर्ची माझ्या बाजूला सरकवून बसली.

आम्ही तिन्ही प्रोग्राम एकोणचाळीस मिनिटांत संपवले. मला ती सकाळ फार आवडली होती, हेही खरं आहे. ती डोळे मिटून सांगत होती, बोटाने हवेत चौकोन काढत होती. तिसऱ्या प्रोग्रामला तिने जी युक्ती केली ती मला आजही सुचली नसती. झाल्यावर पप्पांनी तिला विचारलं, "कैसा गया, बेटा?" ती म्हणाली, "चांगला गेला, काकाजी." आणि लगेच घरी जायला निघाली. चिवडाही खाल्ला नाही.

डिसेंबरात मुलाखतीचं बोलावणं आलं. या वेळी तिने नत्थूकाकांना येऊ दिलं नाही. मी पुण्यात होतेच. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि तिच्यासोबत त्या कंपनीत गेले. ती आत गेली. मी बाहेरच्या सोफ्यावर बसले.

आत काय झालं ते तिने मला त्याच दुपारी सांगितलं. तिघं जण होते. त्यांतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी तिला फळ्यावर एक कोडं सोडवायला दिलं. तिने सोडवलं. त्यांनी ते अवघड केलं, तिने तेही सोडवलं. ते खूश झाले. म्हणाले, आता हेच या लॅपटॉपवर लिहून दाखवा, सवयीचं काम आहे. ती बसली आणि डाव्या हाताने लिहायला लागली. थोड्या वेळाने त्यांनी समोरचा कागद पाहिला, मग तिचा हात पाहिला.

"तुम्ही परीक्षा एकोणचाळीस मिनिटांत संपवली होती," ते म्हणाले. चिडून नाही, नुसतं विचारल्यासारखं.

तिला खोटं बोलता आलं असतं. आज हात दुखतोय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "उत्तरं माझी आहेत, सर. टाइप मैत्रिणीने केलं."

"मैत्रिणीचं नाव?"

"ते नाही सांगणार."

शेजारी बसलेल्या मॅडम म्हणाल्या की उत्तरं कुणाची हे आम्ही कसं मानायचं. ती मैत्रीण येऊन आमच्याशी बोलेल का? तिला तोच प्रश्न देऊन पाहू, निदान उत्तर कुणाचं ते कळेल. चष्मेवाले म्हणाले, हो, तिला फोन करा, आम्ही थांबतो. अंजू म्हणाली, ती इथे नाही.

मी वीस पावलांवर बसले होते.

दार उघडलं तेव्हा तिच्यासोबत ते गृहस्थ बाहेर आले. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. तिथे मी आणि आणखी दोन मुलं होतो. त्यांनी अंजूला विचारलं, "तुमच्यासोबत कुणी आलंय?"

अंजूने माझ्यावरून नजर फिरवली, जशी अनोळखी माणसावरून फिरते. "नाही, सर. एकटीच आलो."

तिच्या चेहऱ्यावरून मला सगळं समजलं होतं. मला उठायला पाहिजे होतं. त्या महिन्यात आमच्या कंपनीतून नऊ जणांना काढलं होतं, आणि परीक्षेत लबाडी केलेल्यांची नावं कंपन्या एकमेकींना कळवतात असं सगळे बोलत होते. मी मांडीवरचं मासिक उघडलं. त्यात कशाचं चित्र होतं ते मला आठवत नाही. ते गृहस्थ क्षणभर थांबले, मग "ठीक आहे" म्हणून आत गेले. अंजू जिना उतरून गेली. मी मनात शंभर मोजले आणि मग उठले.

ती बसस्टॉपवर उभी होती. तिथे तिने मला हे सगळं सांगितलं, एकही शब्द न वाढवता. शेवटी म्हणाली, "तुहं नाव नाई घेतलं. तू बी कोनाले सांगू नको. दोघींचं जाऊन काय फायदा."

मी रडायला लागले. तीच मला पाणी देत होती.

कंपनीने कॉलेजला पत्र पाठवलं. उमेदवाराने परीक्षेत दुसऱ्याची मदत घेतल्याचं कबूल केलं आहे, इतकंच त्यात होतं. कॉलेजने कंपन्यांकडे पाठवायच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं. पेटीवरचा कीबोर्ड तिने शेजारच्या पोरांना खेळायला देऊन टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा नालवाडीला गेले. अंजू नव्हती. ती अल्लीपूरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली होती आणि तिथेच खोली घेऊन राहत होती. सखूकाकू एकट्याच होत्या. त्यांनी मला पन्हं दिलं. ग्लास धरलेल्या हाताच्या भेगांमध्ये सोड्याचा पांढरा रंग बसलेला होता. त्या अजून तिथेच कामाला जात होत्या.

बोलता बोलता त्यांनी विचारलं, "पोरी, तुले तं मालूम असन. ते टाइप करणारी पोरगी कोन होती?"

मी ग्लास खाली ठेवला.

"अंजू काई सांगत नाई," त्या म्हणाल्या. "म्या लय विचारलं. तिच्या बापानं बी विचारलं. म्हणे, होती एक. मी म्हणतो, त्या पोरीनं जाऊन खरं सांगितलं असतं, का बाबा उत्तर हिचंच होतं, तं त्यायनं ऐकलं असतं ना? का नसतं ऐकलं? तू त्या लाइनमधली आहे. तूच सांग."

"माहीत नाही, काकू," मी म्हणाले. त्यांच्या कोणत्या प्रश्नाचं ते उत्तर होतं हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू येत जाजो वो. तिले तुह्याशिवाय कोन आहे."

मी त्यानंतर सहा महिने वर्ध्याला आले नाही. फोनवर पप्पांना कामाची सबब सांगत राहिले.

डिसेंबर २००९ मध्ये मी अल्लीपूरला गेले. हिंगणघाटहून दुपारची बस धरली. शाळेची मधली सुट्टी चालू होती. अंजू वर्गातच बसून वह्या तपासत होती. ती थोडी जाड झाली होती आणि केस मागे घट्ट बांधलेले होते. मला पाहून ती हसली, खुर्ची दिली, एका मुलीला चहा सांगायला पाठवलं. माझ्या नोकरीचं विचारलं. मी तिच्या शाळेचं विचारलं. सातवीपर्यंत गणित, मुलं चांगली आहेत, मुख्याध्यापिका प्रमिलाबाई त्रास देत नाहीत.

"प्रोग्राम लिहितेस का कधी?" मी विचारलं.

"नाई." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "वेळच नाई भेटत."

चहा आला. मी तो हातात धरून बसले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "अंजू, त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, तू तरी काय करणार होतीस. मला वाटतं, मी ते ऐकायलाच इतक्या दूर आले होते.

तिने हातातला लाल पेन टेबलावर ठेवला. "हाव," ती म्हणाली. "पाह्यजे होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने हे आधीच कधीतरी, एकटीने, पुरतं मोजून ठेवलेलं होतं.

"मी नाव नाई घेतलं ते माह्या मनानं. पण मी दारातून बाहेर आली तवा मले वाटलं होतं, तू उठशीन. पायऱ्या उतरेपर्यंत वाटत होतं." तिने वह्या एकावर एक ठेवल्या. "मायले नको सांगू. तिले तू आवडते."

घंटा झाली. मुलं धावत आत यायला लागली आणि मला पाहून दारात अडली. अंजूने त्यांना हाताने आत बोलावलं. मला म्हणाली, हिंगणघाटची बस साडेतीनला आहे, त्यानंतरची फार उशिरा आहे. मग ती फळ्याकडे वळली.

मी दाराबाहेर थोडा वेळ उभी होते. ती मुलांना अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. एक मुलगा फळ्यापाशी अडकला होता आणि वर्ग हसत होता. अंजू त्यांना म्हणाली, "हसू नका रे. करू द्या त्याले सावकाश." मग ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि त्याचं होईपर्यंत तिथेच थांबली. मी फाटकाकडे चालायला लागले.